कासव कशानं मेलं?

माझी ताई मेली तेव्हा भेटायला येणाऱ्यांची एक मोठी सोय झाली. घरात एक लहान मुलगी होती. बायको मेलेल्या माणसाशी काय बोलावं, हे कुणालाच सुचत नाही. लहान मुलीच्या हातात मात्र पुस्तक देता येतं, डोक्यावरून हात फिरवता येतो आणि चहा न घेता निघता येतं.

मुलांना मृत्यू समजावून सांगणारी एवढी पुस्तकं बाजारात आहेत, हे मला तोवर माहीत नव्हतं. महिन्याभरात आमच्या घरात त्यांचं दुकान टाकता आलं असतं. सगळी गुळगुळीत कागदाची, सगळ्यांची मुखपृष्ठं फिकट निळी. मी एकदा बैठक मारून ती सगळी वाचून काढली. एकात ढग विरून गेला होता. एकात मेणबत्ती संपली होती. एकात तर चक्क छत्री मेली होती आणि बाकीच्या छत्र्या तिच्या आठवणी सांगत कोपऱ्यात उभ्या होत्या. मरायची परवानगी होती ती आजोबांना, माशांना आणि किरकोळ घरगुती वस्तूंना. आई मात्र एकाही लेखकानं मारलेली नव्हती. हिंमतच झाली नसावी.

सगळ्यात जास्त खपाचं पुस्तक कासवाचं. कासवआजोबा एका सकाळी उठत नाहीत, कारण ते ‘लांबच्या प्रवासाला’ गेलेले असतात. गोगलगायी रडतात. मग चांदणं पडतं आणि गोगलगायींना एकदम सगळं समजतं. शेवटच्या पानावर चकचकीत कागदाचा आरसा चिकटवलेला, त्यात आपलं तोंड बघायचं. खाली लिहिलेलं : ‘आजोबा इथे आहेत.’ मी त्यात पाहिलं तर मला माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली.

या कासवाच्या इतक्या प्रती जमल्या, की शेवटी काही मी दवाखान्यात नेऊन ठेवल्या. आमचे भाऊजी लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर आहेत आणि त्यांच्या दवाखान्यात फोन घेणं, वेळा देणं आणि रडक्या मुलांच्या आयांना धीर देणं हे काम माझं. पुस्तकं बाकावर ठेवली त्याच दिवशी दाढ काढायला आलेल्या एका मुलानं कासव वाचलं आणि भोकाड पसरलं. “मी पण आत गेलो की लांबच्या प्रवासाला जाणार!” त्याला खुर्चीवर बसवताना आम्हा सगळ्यांच्या नाकी नऊ आले.

आमच्या भाचीला घरात सगळे वकीलबाई म्हणतात. दुसरीत असताना तिनं झोपेची वेळ अर्ध्या तासानं पुढे ढकलावी म्हणून बापासमोर असा काही युक्तिवाद केला, की त्यानं हात टेकले. शिवाय ती शाळेच्या बँडमध्ये होती. ढोलकाड्या मिळाल्या होत्या, ढोल शाळेतच राहायचा, म्हणून घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर सराव चालायचा. तो आवाज मी फोनवरूनही ऐकलेला आहे. ताई म्हणायची, “पोरगी नाही, कारखाना काढलाय मी.”

ताई गेल्यापासून हा कारखाना बंद पडला. डबा वकीलबाईनं स्वतःच टॉवेलात गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवला. बँडमधून नाव काढून घेतलं. दार लावायची तर मूठ धरून हळूच. चमचा ताटात ठेवायची तर बोटाचा आधार देऊन. पळणं नाही, हाका मारणं नाही, वाद तर नाहीच. बाप झोपलेला असला की हिनं पाणीसुद्धा प्यायचं नाही, नळ वाजतो म्हणून.

“बघितलंस?” तिची आत्याबाई मला म्हणायची. भाऊजींची ही थोरली बहीण. निम्मी पुस्तकं हिनंच आणलेली. “किती समजूतदार झालीय पोर! पुस्तकांचा परिणाम बरं हा.”

“पुस्तकांचा कसा? त्यात गोगलगायी रडतात तरी. ही रडतही नाही.”

“तू ना, नुसते फाटे फोडतेस.”

फाटे फोडायला मला आवडतं, हे खरं आहे. पण त्या पोरीचं ते हळू चालणं मला बघवत नव्हतं. इतक्या शांत मुलीचं कौतुक करणाऱ्या माणसाला मुलं आवडत नसून फर्निचर आवडत असावं, असं माझं मत झालं होतं.

पुस्तकांचा उपयोग वकीलबाईनं करून घेतला होता तो निराळाच. प्रत्येक पुस्तकाच्या मागे ‘पालकांसाठी’ म्हणून प्रश्न असायचे. येणारे-जाणारे ते वाचून येत आणि तिच्यासमोर उकिडवे बसून गोड आवाजात विचारत, “तुझ्या दुःखाचा रंग कुठला गं?”

“निळा,” ही सांगायची. पाहुणे डोळे टिपायचे, आत्याबाईला मिठी मारायचे आणि समाधानानं जायचे.

एकदा मी तिला विचारलं, “खरंच निळा?”

“तसं काही नाही,” ती म्हणाली. “पण तपकिरी म्हटलं की आणखी प्रश्न विचारतात. निळा म्हटलं की जातात.”

आता तिच्या बापाबद्दल सांगायला हवं. दवाखान्यात या माणसाची एक पद्धत आहे. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. हे इंजेक्शन आहे, ही त्याची सुई, ही इथे टोचणार, दुखेल, तू दहा म्हणेपर्यंत थांबेल. मुलाच्या हातात आरसा देणार, सुई दाखवणार, आणि मूल ‘हो’ म्हणेपर्यंत हात लावणार नाही. मागे एक नवी मदतनीस आली होती. तिनं एका मुलीला लाडानं सांगितलं, “काही नाही गं, मुंगी चावेल.” भाऊजींनी हातातलं काम थांबवलं. “माझ्या दवाखान्यात मुंग्या नाहीत,” ते म्हणाले. “तिला सुई म्हणून सांग. एकदा मुंगी म्हणालीस, की पुढच्या वेळी ती तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि मुंग्यांवरही नाही.” गावभरची पोरं या माणसासमोर निमूट तोंड उघडतात ती याच कारणानं.

आणि हाच माणूस घरी आला की त्याच्या तोंडात मिठाची गुळणी. ताईच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, स्वयंपाकघरात कोसळली, संध्याकाळी संपलं. ती कोसळल्यावर वकीलबाईला दिवसभर आत्याबाईकडे कार्टून बघायला बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी बापानं तिला सांगितलं, “आई आता आपल्यात नाही.” तिनं विचारलं, “मग कुणात आहे?” त्यावर त्यानं पुस्तक उघडलं. तेव्हापासून रोज जेवण झालं की तो तिला कासव वाचून दाखवायचा आणि ती ऐकून घ्यायची. कोण कुणाची समजूत घालत होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. ताईचं नाव त्याच्या तोंडून आलं नाही, ‘मेली’ हा शब्द तर नाहीच. सुईला सुई म्हणणारा माणूस स्वतःच्या बायकोच्या मरणाला प्रवास म्हणत होता. मला त्याची दया यायची, आणि रागही, आणि दोन्ही एकदमच यायचं.

हे असंच चाललं असतं. पण कासवाच्या लेखिकाबाईंचा दात दुखायला लागला.

खरं तर दात त्यांच्या नातवाचा. त्या नुसत्या सोबत आल्या होत्या. बाकावर स्वतःचं पुस्तक पाहून त्यांचा चेहरा असा उजळला, की नातू आत किंचाळतोय हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. एक नव्हे, चार प्रती! त्यांनी मला विचारलं, मी त्यांना कारण सांगितलं, आणि सांगितलं ते चुकलंच. माझ्या भाचीला भेटल्यावाचून त्या हलेनात. वकीलबाई शाळेतून येऊन कोपऱ्यात चित्र रंगवत बसली होती. लेखिकाबाई उकिडव्या बसल्या. मी मनात म्हटलं, आता रंग.

“तुझ्या दुःखाचा रंग कुठला गं बाळा?”

“निळा,” वकीलबाई मान वर न करता म्हणाली.

लेखिकाबाईंनी छातीवर हात ठेवला. पुस्तकाची नवी आवृत्ती येत होती, मोठ्या आकाराची, सोबत कासवाची स्टिकरं. प्रकाशनाचा समारंभ रविवारी होता. तिथे या मुलीनं एक पान वाचावं आणि पुस्तकानं तिला कसं सावरलं ते दोन वाक्यांत सांगावं, अशी त्यांची इच्छा होती. दोन वाक्यं त्याच लिहून देणार होत्या.

आत्याबाई हरखली. भाऊजी म्हणाले, “तिला चालत असेल तर.” हे वाक्य म्हणजे त्यांचं नवीन दुखणं. काहीही विचारा, ते पोरीवर ढकलून मोकळे. आणि पोरगी तर सगळ्यालाच ‘चालेल’ म्हणायची. मी विरोध केला तर आत्याबाईनं मला ऐकवलं, “तिला बोलतं करायची ही संधी आहे. तुझ्या स्वभावापायी तिचं नुकसान नको.”

शुक्रवारी दुपारी दवाखाना बंद असतो, तेव्हा रंगीत तालीम ठरली. बाकावर लेखिकाबाई आणि आत्याबाई, टेबलामागे मी, आणि मधोमध वकीलबाई, हातात मोठ्या आकाराचं कासव. भाऊजी आतल्या खोलीत हत्यारं उकळायला लावत होते. आतलं दार उघडंच होतं.

तिनं पान वाचलं. स्पष्ट, हळू आवाजात.

“वा वा! थोडं आणखी हळू, बाळा. शेवटी एक उसासा.” लेखिकाबाईंनी उसासा सोडून दाखवला. “आता ती दोन वाक्यं.”

वकीलबाईनं पुस्तक मिटलं. “एक विचारू?”

“विचार ना!”

“कासव कशानं मेलं?”

“मेलं नाही गं. प्रवासाला गेलं.”

“मेलंच असणार. गोगलगायी रडतात ना? प्रवासाला गेलेल्या माणसासाठी कुणी रडत नाही. आत्या सहलीला गेली तेव्हा कुणीच रडलं नव्हतं.”

आत्याबाईनं बाकावर बूड हलवलं. मला हसू फुटत होतं. कित्येक दिवसांनी आमच्या वकीलबाई कोर्टात उभ्या राहिल्या होत्या.

“बरं, समज, मेलं,” लेखिकाबाई जरा आखडून म्हणाल्या. “खूप म्हातारं झालं होतं ते.”

“आई म्हातारी नव्हती.”

“हो, पण कशानं, ते तितकंसं महत्त्वाचं नसतं, बाळा. आठवणी महत्त्वाच्या.”

वकीलबाईनं मुखपृष्ठावरच्या कासवावर बोट ठेवलं. मग तिनं विचारलं, “त्या कासवाच्या घरात कुणी आवाज करत होतं का?”

“किती गोड कल्पना!” लेखिकाबाई म्हणाल्या, आणि पर्समध्ये पेन शोधू लागल्या.

टॉवेलात गुंडाळलेला डबा, मूठ धरून लावलेलं दार, न उघडलेला नळ, हे सगळं एकदम माझ्यासमोर आलं. समजूतदारपणा कसला, पोरगी भीत होती. मी टेबलामागून उठले, पण माझ्याआधी आतल्या दारात भाऊजी येऊन उभे राहिले होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या हातात चिमटा तसाच होता.

वकीलबाईनं पुस्तक बाकावर ठेवलं, अर्थातच आवाज न करता. ती बापाच्या बाजूनं आत गेली आणि पेशंटच्या खुर्चीवर स्वतःहून चढून बसली.

“मला पेशंटसारखं सांग,” ती म्हणाली.

“काय सांगू?” भाऊजींनी विचारलं.

“आई कशानं मेली ते. आधी सांगायचं, मग दाखवायचं. तूच म्हणतोस.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भाऊजींनी चिमटा ठेवला, हात धुतले, पुसले. आपलं फिरतं स्टूल ओढून ते अगदी तिच्यासमोर बसले आणि खुर्ची खाली घेतली, तिचे डोळे आपल्या डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत. प्रत्येक मुलाला ते असंच करतात.

“आई मेली,” ते म्हणाले.

बोलले आणि थांबले. मला वाटलं, आता कोलमडतात. पण शब्द एकदा बाहेर पडल्यावर त्यांचा दवाखान्यातला आवाज परत आला. “डोक्यात रक्ताच्या नळ्या असतात. तिची एक नळी एका जागी पातळ होती. कुणालाच माहीत नव्हतं. तिलाही नाही, मलाही नाही. त्या दिवशी ती फुटली. रक्त मेंदूत पसरलं आणि मेंदूचं काम बंद पडलं. डॉक्टरांनी प्रयत्न केले. जमलं नाही.”

“दुखलं तिला?”

“हो. सुरुवातीला खूप. मग तिला काही कळत नव्हतं.”

बाहेरच्या बाकावरून लेखिकाबाई कुजबुजल्या, “अहो, मुलांसमोर असे शब्द! आम्ही ‘रक्त’ हा शब्द अख्ख्या मालिकेत टाळलाय.”

“मॅडम,” मी म्हटलं, “उसासा सोडा. हळू.”

आत वकीलबाई आपल्या बोटांकडे बघत बोलत होती. “ती म्हणाली होती, डोकं दुखतंय, बंद कर. मी म्हटलं शेवटचं एकदा. आणि मी खूप जोरात वाजवला डबा. मग ती पडली.” तिनं वर पाहिलं. “म्हणून फुटली ना नळी?”

मी असते तर तिला छातीशी धरून नाही नाही म्हणत बसले असते. भाऊजींनी तिला हातही लावला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तसंच वाहू दिलं.

“नाही,” ते म्हणाले. “आवाजानं नळी फुटत नाही.”

“कशावरून?”

“दाखवतो.”

त्यांनी खोक्यातून एक रबरी हातमोजा काढला, नळाखाली धरून पाण्यानं टम्म भरला आणि गाठ मारली. हत्यारांचा रिकामा स्टीलचा ट्रे उपडा करून तिच्या मांडीवर ठेवला. मोजा त्याच्या शेजारी खुर्चीच्या हातावर. “हे बोट बघ. इथे रबर ताणून किती पातळ झालंय. तशी होती आईची नळी. आता वाजव.”

तिनं दात बघायच्या छोट्या आरशाच्या दांड्यानं ट्रेवर टिचकी मारल्यासारखं केलं.

“अशानं काय होतंय? वाजव.”

तिनं वाजवलं. मोजा जागच्या जागी डुचमळला. आणखी जोरात. फुटला नाही. तिनं मोज्याकडे नीट निरखून पाहिलं आणि मग युक्तिवादातली फट शोधली. आमचीच ती.

“पण हा मोजा आहे. डोकं नाही.”

“बरोबर,” भाऊजी म्हणाले. त्यांनी स्टूल पुढे घेतलं, वाकले आणि स्वतःचं डोकं ट्रेच्या अगदी जवळ आणून ठेवलं. “हे डोकं. आता करायचं.”

मग तिनं हळूच एकदा मारलं, आणि बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो जिवंत होता. पुन्हा मारलं. मग दुसऱ्या हातात चिमटा घेतला, आणि जो काही कडकडाट सुरू झाला तो दवाखान्याच्या भिंतींनी कधी ऐकला नसेल. बँडचं सगळं शिक्षण त्यात होतं. खिडकीच्या काचा वाजल्या. लेखिकाबाई पर्स छातीशी धरून उठल्या. मी टेबलाला धरून ओक्साबोक्शी रडत होते आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती.

“अगं बाई, बंद करा ते!” आत्याबाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले. “डोकं दुखायला लागलं माझं!”

आवाज तत्क्षणी थांबला.

वकीलबाई खुर्चीवर होती तिथेच थिजली. हातातला चिमटा तिनं ट्रेवर ठेवला, बोटाचा आधार देऊन. भाऊजींनी तोंड उघडलं, पण ते काय बोलणार होते ते कळलंच नाही, कारण आत्याबाई बाकावरून उठली होती. आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर उमगलं होतं. इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदाच हातात पुस्तक नसताना त्या पोरीकडे जाताना पाहिलं.

ती आत गेली. खुर्चीशी उभी राहिली.

“डोकं दुखतंय माझं,” ती म्हणाली. “खरंच दुखतंय. गोळी घेतली की राहील. तू वाजव.”

“संध्याकाळपर्यंत मरणार नाहीस?”

आत्याबाईच्या ओठांवर कासव आलेलं मला दिसलं. चांदणंही आलं. तिनं दोन्ही गिळलं.

“मरेन तेव्हा मरेन,” ती म्हणाली. “पण तुझ्या वाजवण्यानं नाही मरायची.”

“कशावरून?”

आत्याबाईनं पाण्यानं भरलेला तो मोजा बाजूला केला आणि आपलं पिकलेलं डोकं भावाच्या डोक्याशेजारी, ट्रेला लावून ठेवलं.